ग्रंथ कीं गिलावा ?

श्रीमंती घरांत आली म्हणजे तिच्या मागोमाग काय काय येतें, याचा इतिहास कोणी लिहील तर तो मोठा मनोरंजक होईल. एके काळीं झुंबरें आलीं, मग बिलोरी आरसे आले, मग सांबराचीं शिंगें व वाघाचीं कातडीं भिंतींवर चढलीं. आणि आतां ग्रंथ चढले आहेत. ही वार्ता ऐकून ज्या वाचकास आनंद होईल, त्यानें तो क्षणभर आवरून धरावा. कारण हे ग्रंथ वाचणाराच्या पाठोपाठ घरांत शिरलेले नाहींत. ते गृहसजावटकाराच्या पाठोपाठ, पडदे व गालिचे यांच्या सोबतीनें आलेले आहेत.

पद्धत अशी आहे. नव्या घराच्या दिवाणखान्यांत छतास टेकणारें एक फडताळ प्रथम तयार होतें. भिंतीचा, पडद्यांचा आणि बैठकीच्या गाद्यांचा रंग ठरला, कीं त्यांना शोभेल असा ग्रंथांचा रंग ठरतो, आणि मग त्या रंगाचे ग्रंथ मापानें मागविले जातात. ही आमची अतिशयोक्ति नव्हे. न्यूयॉर्क येथील स्ट्रँड नांवाच्या प्रसिद्ध ग्रंथविक्रेत्यानें १९८६ सालीं फुटाच्या मापानें ग्रंथ विकण्याचें खातेंच उघडलें. तेथें विषयाऐवजीं नुसता रंग सांगितला तरी काम भागतें. आपल्याकडे कापड वारावर मिळतें, तसें हें. कालिदासाचे तीन फूट, कायद्याचे दोन फूट, असेंही नव्हे. फिकट निळ्याचे पांच फूट आणि त्यांत थोडी साय-रंगाची भेसळ! आणि याच्याही पुढची पायरी गांठली गेली आहे. गेल्या कांहीं वर्षांत सजावटीच्या चित्रमय मासिकांतून असें फडताळ दिसूं लागलें, कीं ज्यांतील एकूण एक पुस्तक पाठ भिंतीकडे करून उभें आहे, आणि पाहणारास दिसते ती केवळ कागदांची पिवळसर कड. नांवांमुळें दृष्टीस त्रास होतो, असें त्याचें कारण सांगतात. ग्रंथकर्त्याचें व ग्रंथाचें नांव हाच जेथें उपद्रव ठरला, तेथें ग्रंथाचें उरलें काय, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

शोभेसाठीं ग्रंथ बाळगण्याची खोड नवी आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत सेनेका या रोमन तत्त्वज्ञानें, स्नानगृहाप्रमाणें ग्रंथालय हाही घराचा एक अलंकार समजणाऱ्या धनिकांची खरपूस हजेरी घेतली होती. त्याच्यानंतर शंभर वर्षांनीं ल्युशियननें अडाणी ग्रंथसंग्राहकावर एक स्वतंत्र लेखच लिहिला. आणि १४९४ सालीं बाझल येथें प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'मूर्खांच्या नौके'त सेबास्टियन ब्रांट यानें पहिली जागा दिली ती न वाचतां पुस्तकें जमविणाऱ्या मूर्खालाच. तेव्हां रोग जुना आहे. पण जुना रोगी आणि नवा रोगी यांच्यांत एक भेद आहे, व तो आमच्या मतें फार महत्त्वाचा आहे. जुन्या दांभिकाला लोकांनीं आपणांस विद्वान् म्हणावें अशी हांव होती. विद्या ही मिरविण्याजोगी वस्तु आहे, हें तो आपल्या दंभानेंच कबूल करीत असे. फिट्झजेराल्डच्या १९२५ सालच्या 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरींतील धनिकाच्या ग्रंथालयांत पुस्तकें खरीं होतीं, फक्त त्यांचीं जोडपानें कोणीं कापलेलीं नव्हतीं. २०२० च्या महामारींत सभा-बैठका पडद्यावर भरूं लागल्या, तेव्हां वक्त्याच्या पाठीमागचें कपाट हें त्याच्या अधिकाराचें प्रमाणपत्र होऊन बसलें, व त्या हौसेची थट्टाही पुष्कळ झाली. हे सर्व दंभ आम्हांस क्षम्य वाटतात. दांभिक मनुष्य निदान चारचौघांत प्रश्न निघण्याच्या भीतीनें तरी एखादें पान उलटतो. फिकट निळा रंग विकत घेणाऱ्यास ती भीतीही नाहीं. त्याला विद्वान् म्हणवून घ्यावयाचेंच नाहीं. त्याला भिंत भरावयाची आहे. गिलावा, रंग आणि ग्रंथ यांत त्याच्या लेखीं भेद उरलेला नाहीं.

येथें आमच्यावर असा आरोप येईल, कीं नीटनेटकेपणाचें व सौंदर्याचें आम्हांस वांकडें आहे. तसें नाहीं. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यानें आपले सुमारें तीन हजार ग्रंथ केवळ उंचीच्या अनुक्रमानें लाविले होते. इतकेंच नव्हे, तर एका रांगेंतील ग्रंथांचे माथे सारखे दिसावे म्हणून बुटक्या ग्रंथांच्या खालीं लांकडी ठोकळे घातले होते. यापेक्षां अधिक शोभेची हौस कोण करणार ? परंतु प्रत्येक ग्रंथास क्रमांक होता, त्यांची यादी होती, आणि हवा तो ग्रंथ हवा तेव्हां हातीं येत होता. केंब्रिज येथील मॉडलिन कॉलेजांत तो संग्रह त्यानें लावलेल्या क्रमानेंच आजही उभा आहे. आपल्याकडेही, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं दादरच्या हिंदु कॉलनींत 'राजगृह' बांधलें, तें मुख्यतः ग्रंथ ठेवण्यास जागा हवी म्हणून. १९१७ सालीं विलायतेहून परततांना स्वतंत्र बोटीनें पाठविलेले त्यांचे ग्रंथ जर्मन पाणबुडीच्या माऱ्यांत समुद्रतळीं गेले होते. ज्यानें एवढा घाव सोसला, त्यानें पुढें ग्रंथांसाठीं घर बांधावें, यांत नवल नाहीं. तेथें घर ग्रंथांच्या मापानें बेतलें होतें. आतां ग्रंथ घराच्या मापानें बेतले जातात.

न वाचलेल्या पुस्तकांविरुद्धही आमची तक्रार नाहीं. ज्याच्या घरीं एकही न वाचलेलें पुस्तक नाहीं, त्याची वाचण्याची हौस संपली असेंच आम्ही समजूं. पण जें पुस्तक आज ना उद्यां वाचूं म्हणून घेतलें आणि जें कोणीं कधींच वाचूं नये अशाच बेतानें घेतलें, त्या दोहोंना एका तागडींत घालणें हा शुद्ध अन्याय होय.

या चालीच्या कैवाऱ्यांचा सर्वांत सबळ मुद्दा असा, कीं अशीं पुस्तकें नाहीं तर लगद्यांत जाणार. भिंतीवर तीं निदान जगतात. कालबाह्य झालेले कायद्याचे अहवाल व जुन्या किंमतींच्या सूची यांच्यापुरता हा मुद्दा आम्ही विनातक्रार मान्य करतों. परंतु रद्दीच्या ढिगांतून सजावटकार काय उचलतो ? विषय पाहून तो उचलीत नाहीं, उंची पाहून उचलतो. आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित गृहस्थांच्या दिवाणखान्यांत पितळी घोडा व चिनी मातीचा कुंभ यांच्यामध्यें डॉ. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा एकच खंड आम्हांस दिसला. बाकीचे खंड कोठें आहेत, असें विचारतां यजमान सरळपणें म्हणाले, "अहो, एकच घेतलाय. त्या खणांत तो बरोबर बसतो." केतकरांनीं भांडवल उभारून, वर्गणीदार मिळवून, १९२० नंतरच्या दशकांत तेवीस खंड बाहेर काढले. त्यांतील एक खंड घोड्याच्या शेजारीं जाऊन बसला, कीं दुसरीकडे कोठें तरी बावीस खंड लंगडे होतात. त्या ज्ञानकोशाचा मजकूर आज संगणकावर वाचावयास मिळतो, हें आम्हांस ठाऊक आहे. पण सगळ्याच जुन्या मराठी ग्रंथांचें तेवढें भाग्य नाहीं. मराठी पुस्तकाची आवृत्ति सामान्यतः हजार प्रतींची, पुष्कळदां त्याहूनही लहान. पन्नास-साठ वर्षांनीं त्यांतल्या किती प्रति शिल्लक राहणार ? इंग्रजी कादंबरीच्या लाखों प्रतींतून कोणी चार फूट कापून नेले, तर त्या भाषेचें कांहीं बिघडत नाहीं. आमच्या भाषेंत एखाद्या जुन्या बखरीची, नाटकाची वा व्याकरणाची शेवटची हातीं लागण्याजोगी प्रत कोणाच्या दिवाणखान्यांत निळा रंग म्हणून उभी असेल, तर ती नष्ट झाल्यासारखीच आहे. रद्दीवाल्याच्या दुकानांत निदान आशा होती. अप्पा बळवंत चौकांत किंवा फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा ढीग उपसतांना ज्यांना हवा असलेला ग्रंथ अवचित लाभला, त्यांना आमचें दुःख निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

दुसरा मुद्दा शास्त्रीय वेषांत येतो. २०१० सालीं मारिया इव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सत्तावीस देशांतील कुटुंबांच्या पाहणीवरून असें दाखविलें, कीं ज्या घरांत सुमारें पांचशें पुस्तकें असतात, तेथील मुलें पुस्तकें नसलेल्या घरांतील मुलांपेक्षां सरासरीनें तीन वर्षें अधिक शिकतात. मग काय ! पुस्तकें घरांत नुसतीं असलीं तरी पुरे, असा अर्थ सोयीस्करपणें काढला जातो. त्या संशोधकांना पुस्तकांची संख्या ही घरांतील विद्याव्यासंगाची खूण म्हणून हवी होती. कागदांतून विद्या पाझरते, असें कांहीं त्यांनीं म्हटलें नाहीं. बापानें हातांत धरलेलें पुस्तक मुलाला दिसतें आणि तें काय आहे म्हणून मूल विचारतें. सजावटीच्या घरांत त्या मुलानें एक पुस्तक ओढून काढलें, तर त्याला पहिली गोष्ट ऐकूं येईल ती ही : "ठेव तें, रांग बिघडते !" दसऱ्याला पाटी-पुस्तकांची पूजा मांडून आपण मुलांना एक दिवस अभ्यासांतून मोकळें करतों, या घरांत वर्षाचे बारा महिने दसरा.

आपल्याकडील जुने लेखक पोथी लिहून संपली, कीं शेवटीं एक प्रार्थना लिहीत. तींत पोथीच वाचकास विनवीत असे, कीं तेलापासून, पाण्यापासून, ढिल्या बांधणीपासून माझें रक्षण कर, आणि मूर्खाच्या हातीं मला देऊं नको. मूर्खाच्या हातांची धास्ती त्या बिचाऱ्यांना होती. ज्या ठिकाणीं कोणाचाच हात म्हणून पोहोंचत नाहीं, अशा ठिकाणीं पोथी मानानें ठेवली जाईल, ही कल्पना त्यांना शिवलीही नव्हती.

आणि पुस्तकांनीं घर सजवूं नये असें कोण म्हणतो ? सातारा जिल्ह्यांतील भिलार हें गांव २०१७ च्या मे महिन्यांत 'पुस्तकांचें गांव' झालें. तेथील घरांतून, देवळांतून, शाळेंतून सुमारें पंधरा हजार मराठी पुस्तकें ठेविलीं गेलीं, भिंतींवर चित्रेंही रंगविलीं गेलीं. घर शोभिवंत झालें, आणि वाटेनें जाणारा परका मनुष्य ओसरीवर बसून पुस्तक उघडूं शकला. आमच्या शहरवासी धनिकांकडे इतकें औदार्य आम्ही मागत नाहीं. आमची सूचना त्यांच्या सोयीची आहे. चार्ल्स डिकन्सनें १८५१ सालीं आपल्या लंडनच्या घरासाठीं एका पुस्तकबांधणाऱ्याकडून खोट्या ग्रंथांच्या नुसत्या पाठी करवून घेतल्या होत्या, व त्यांवर स्वतः रचलेलीं थट्टेचीं नांवें घातलीं होतीं. त्यांत मांजराच्या नऊ जन्मांचें चरित्र नऊ खंडांत होतें, आणि वर्षानुवर्षें चालणाऱ्या न्यायालयांतील एका 'छोट्याशा' दाव्याचा इतिहास एकवीस खंडांत. त्या पाठींसाठीं एकाही खऱ्या ग्रंथाचा बळी पडला नाहीं, आणि पाहणाऱ्यांची करमणूक झाली ती वेगळी. आमच्या सजावटकारांनीं हेंच करावें. लांकडाच्या फळीवर हव्या त्या निळ्या रंगाच्या पाठी हव्या तितक्या फूट कोरून देणारा सुतार पुण्यांत वा मुंबईंत सहज मिळेल. त्यांवर वाळवी लागली तरी भाषेचें कांहीं जाणार नाहीं, आणि ज्ञानकोशाचा तो एकटा खंड त्या घोड्याच्या शेजारून उठून आपल्या बावीस भावंडांच्या शोधाला निघूं शकेल.