कुलूप वडिलांचे, किल्ली कोणाची?

पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे राष्ट्रकूटकालीन ताम्रपट सापडले आहेत. त्यांतील एक इ. स. 926 मधील, तिसऱ्या इंद्राच्या राजवटीतील आहे. ती राजवट केव्हाच लयाला गेली. परंतु ज्याला लिपी येते त्याला संजाणच्या कारभाऱ्याचे नाव आणि मठाला दिलेल्या दानाची नोंद आजही वाचता येते. उलट, आजच्या चिंचणीतील एखाद्या निवृत्त शिक्षकाने गेल्या महिन्यात संगणकात ठेवलेला कागद आज त्याला स्वतःलाही उघडता येत नाही, असे सहज घडू शकते. त्याला एक विसरलेला परवलीचा शब्द पुरतो.

याकडे म्हातारपणीचा विसराळूपणा म्हणून हसून पाहणे सोपे आहे. वस्तुतः दोष बहुधा कुलूप बसविणाऱ्याचा असतो. तारापूरचा अणुवीज प्रकल्प 1969 मध्ये सुरू झाला, बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली आणि या परिसरातील अनेक घरांत पगार व पुढे निवृत्तिवेतन आले. पुढची पिढी मुंबईला, पुण्याला, परदेशाला गेली. दोन दिवसांच्या सुट्टीत आलेला मुलगा वडिलांना नवा संगणक मांडून देतो, घाईघाईने खाते उघडतो, पडताळणीसाठी स्वतःचा मोबाईल क्रमांक देतो आणि परत जातो. कालांतराने तो क्रमांक बदलतो. संगणक वडिलांचा, कागद वडिलांचे. परंतु किल्ली अशा ठिकाणी राहते, जेथे आता कोणीच राहत नाही.

त्यात नव्या यंत्रांतील माहिती पुष्कळदा आपोआप कूटबद्ध होते. एखाद्या दुरुस्तीनंतर विंडोजचा संगणक 48 आकडी किल्ली मागतो आणि ती जपून ठेवली नसेल तर खुद्द मायक्रोसॉफ्टलाही ती नव्याने देता येत नाही. कुलूप इतके कडक असावे, याबद्दल तक्रार नाही. चोराला ते अडवलेच पाहिजे. परंतु घरधन्यालाही ते तितक्याच निष्ठुरपणे अडवते. मग गांजलेला वृद्ध इंटरनेटवर दिसेल त्या ‘मदत क्रमांका’ला फोन करतो आणि आपला संगणक अनोळखी माणसाच्या हाती सोपवतो. फसवणूक झाल्यावर 1930 या क्रमांकावर त्वरित तक्रार करता येते, हे त्या वेळी त्याला सांगणारे कोणी जवळ नसते.

शासनानेही या पिढीचा विचार उशिरा आणि अर्धवट केला. हयातीच्या दाखल्यासाठी 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ आले. 2020 पासून पोस्टमन घरी येऊन तो दाखला करून देऊ लागला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु ग्रामीण भागाला संगणक शिकविण्यासाठी 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेची वयोमर्यादा होती 14 ते 60. म्हणजे नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाला शिकण्यातूनही निवृत्त ठरविण्यात आले. आज बँक, वीजबिल, दाखले सारे पडद्यावर आले असताना हा विनोद महागात पडणारा आहे.

उपाय अवघड नाहीत. खाते वडिलांच्या स्वतःच्या क्रमांकावर असावे. दुसरा क्रमांक विश्वासाच्या माणसाचा असावा आणि वर्षातून एकदा तो तपासावा. 48 आकडी किल्ली कागदावर लिहून घरच्या दस्तऐवजांच्या पेटीत ठेवावी. महत्त्वाच्या कागदांची प्रत निराळ्या साधनावर असावी. मदत करणाऱ्याने शेजारी बसावे, परंतु कळा वडिलांच्याच बोटांनी दाबू द्याव्यात. ‘तुम्हाला नाही जमणार, द्या इकडे’ या एका वाक्याने पुढच्या अडचणीचे बी पेरले जाते. गावोगावच्या शाळांत संगणक आहेत, वाचनालये आहेत. आठवड्यातील एक सायंकाळ शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी यासाठी राखून ठेवली, तर त्यासाठी नवे खाते किंवा नवी योजना निर्माण करण्याची गरज नाही.

ज्यांनी या पिढीला बाराखडी गिरवायला शिकविले, त्यांना चार अक्षरे पुन्हा शिकविणे हे उपकार नव्हेत. ती परतफेड आहे आणि तिला आधीच उशीर झाला आहे.