बाग कुणाची, बाजार कुणाचा?

बागांची सुधारणा आणि बागेत आठवडी बाजार असे बेत अनेक महापालिकांचे उद्यान विभाग आखत असतात. कारंजे, रंगीत दिवे, चालायला नवी वाट आणि सुट्टीच्या दिवशी बचत गटांचे स्टॉल. बचत गट म्हटले की बायकांसाठी काहीतरी झाले, असे सगळ्यांना वाटते. मला वाटते, टाळ्या वाजवण्याआधी आपण आराखडा मागून घ्यावा आणि गटात बसून वाचावा.

पहिला प्रश्न बाजाराचा. बागेच्या फाटकाबाहेर भाजी, गजरे, उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बायका वर्षानुवर्षे बसतात. म्हणजे बाजार तिथे आधीपासूनच आहे. त्याला फक्त छप्पर, पाणी आणि मान्यता नाही. आत भाड्याचे स्टॉल लागले की 'शोभा जाते' म्हणून याच बायकांना उठवले जाण्याची भीती असते. एकीला उठवून दुसरीला बसवण्याला आपण बायकांचा विकास म्हणणार का? पथविक्रेत्यांचा कायदा 2014 साली झाला. सर्वेक्षण पुरे होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही, असे तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात, हेही त्यात आहे. बागेतला बाजार ठरवताना ही समिती बसली होती का, हे लेखी विचारायला हवे.

दुसरा प्रश्न वेळेचा. पुण्यासारख्या शहरात बऱ्याच बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या असतात, दुपारी बंद. फिरायला येणाऱ्यांना ते सोयीचे आहे. पण घरकाम करणाऱ्या बाईला दोन कामांच्या मधला तासभर मिळतो तो दुपारीच. मग ती कुणाच्या तरी जिन्यात नाहीतर बसथांब्यावर बसून डबा खाते. सावली बागेत आणि बागेला कुलूप! कारंज्याच्या खर्चापेक्षा दुपारी एक पहारेकरी नेमणे स्वस्त पडेल.

तिसरा प्रश्न मुतारीचा. मुंबईत 2011 साली सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला: पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे. दिवसभर बाजारात बसणारी बाई या धास्तीने पाणीच पीत नाही. स्वच्छ, उघडी आणि फुकट मुतारी नसेल तर तो बाजार बायकांसाठी आहे असे म्हणू नये.

मुलींचेही पाहा. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात 1990 नंतरच्या दशकात पाहणी झाली. साधारण नऊ वर्षांनंतर मुलींचे बागेत येणे घटते, मुलग्यांचे घटत नाही, असे दिसले. मोकळे मैदान एकच आणि ते मुलगे व्यापत. तेव्हा दोन बागांची रचना बदलली, वाटा वाढवल्या, मैदानाचे भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा केली. मुली परत येऊ लागल्या. आपल्याकडे मात्र 'मुलींना खेळाची आवडच नाही' म्हणून विषय संपतो.

बागेत बाजार नकोच, हिरवी जागा आधीच कमी उरली आहे, असे आपल्यातल्याच काही जणी म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून बाजार हिरवळीवर नको, फाटकालगतच्या फरसबंद जागेत असावा, त्यासाठी झाड तोडू नये आणि पहिली जागा तिथे आधीपासून बसणाऱ्या बायकांना मिळावी.

राज्यातल्या महापालिकांत 2011 पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. नगरसेविकेला एकटीने भांडायला लावू नका, गटाने तिच्याबरोबर जा. आपल्या बागेच्या वेळा, मुतारी, दिवे आणि बाहेर बसणाऱ्या बायका यांची नोंद करून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती छापू.