परमुलखातले धावणे



आपल्याकडचा माणूस परदेशात जाऊन पळाला, ही गोष्ट काही आजची नाही. तिला शंभर वर्षे उलटून गेली. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती भरल्या होत्या. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. त्यांनी पाहिले की, पळणारी बरीचशी पोरे शेतकऱ्यांची आहेत, पायांत काही नाही, पळावे कसे हे कोणी शिकवलेले नाही आणि तरीही त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाते आहे. त्यातूनच पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा एक लहानसा संघ पाठवायचे ठरले. त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते.

तेव्हा विमान नव्हते. मुंबईहून जहाजाने निघायचे आणि दोन-तीन आठवडे पाण्यावर काढायचे. रोज मैलोन्मैल पळणाऱ्या माणसाने जहाजावर पळायचे तरी कुठे? लंडनला पोचल्यावर स्टॅमफर्ड ब्रिजच्या मैदानावर इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव झाला. अन्न वेगळे, हवा वेगळी, भाषा वेगळी. 22 ऑगस्ट 1920 रोजी पावसाळी हवेत मॅरेथॉन झाली. अंतर होते पावणेत्रेचाळीस किलोमीटर, म्हणजे नेहमीच्या मॅरेथॉनहून जास्तच. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले. फिनलंडचा कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटे 36 सेकंदांत पहिला आला. अठरा मिनिटांचे हे अंतर कमी नाही, पण घर सोडून अडीच महिने परक्या हवेत राहिलेल्या माणसाचा एकोणिसावा नंबर मला तरी फार मोठा वाटतो. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांचे नाव का नाही, हे कोडे मला कधी सुटले नाही.

याच बेळगावात ऑक्टोबर 1941 मध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. बाबासाहेब त्या वर्षी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि आपल्या माणसांना पुन्हा फौजेत घ्या, हा आग्रह त्यांनी धरला होता. पुढे या रेजिमेंटमध्ये सगळ्या जातिधर्मांची मुले आली. आजच्या विषयातला दुसरा माणूस तिथलाच आहे.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा गाव. तिथल्या अविनाश साबळे यांचा जन्म 1994 चा. आईवडील शेती करायचे, वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटरवर आणि गावाला एसटी नाही, म्हणून पोरगा लहानपणापासून शाळेला चालत-पळत जायचा. बारावी झाली आणि तो महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये भरती झाला. पहिली नेमणूक सियाचीनच्या बर्फात, मग राजस्थानच्या वाळवंटात, मग सिक्कीममध्ये. 2015 साली फौजेच्या क्रॉसकंट्री शर्यतीत उतरेपर्यंत पळणे हा आपला व्यवसाय होईल, हे त्यालाही ठाऊक नव्हते. मध्यंतरी दुखापत झाली, वजन वाढले. 2017 मध्ये फौजेतले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. ही शर्यत तीन हजार मीटरची. वाटेत अठ्ठावीस वेळा आडवा ओंडका ओलांडायचा आणि सात वेळा पाण्यावरून उडी घ्यायची. गोपाळ सैनी यांचा 1981 चा राष्ट्रीय विक्रम सदतीस वर्षे कोणी मोडला नव्हता. तो 2018 मध्ये भुवनेश्वरला या मांडव्याच्या मुलाने मोडला आणि त्यानंतर स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत राहिला.

पण मला सांगायचे आहे ते 2022 सालाबद्दल. त्या वर्षी साबळे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी सरावाला गेले. हे गाव समुद्रसपाटीपासून सहा हजार फूट उंच आहे. आपले सोलापूर जेमतेम दीड हजार फुटांवर आणि महाबळेश्वर साडेचार हजारांवर. इतक्या उंचावर हवा विरळ असते, श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो, त्यामुळे नेहमीच्या वेगाने पळायला गेले की दम लागतो. काही आठवड्यांनी शरीर तांबड्या पेशी वाढवून घेते आणि मग खाली उतरल्यावर त्याचा फायदा होतो. त्याच मे महिन्यात कॅलिफोर्नियात ते पाच हजार मीटर पळाले आणि बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांचा विक्रम मोडला. जूनमध्ये मोरोक्को, जुलैत अमेरिकेत जागतिक स्पर्धा, ऑगस्टमध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. चार महिन्यांत तीन खंड झाले. जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत अकरावा नंबर आला, वेळही मंद होती. दुसरा कोणी तिथेच खचला असता. तीन आठवड्यांनी, 6 ऑगस्टला, बर्मिंगहॅमला 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण गेले ते सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने. त्याआधीच्या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्याच घरी गेली होती, म्हणजे काय झाले ते समजावे. 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 ला पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. 2025 च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीशी पडून गुडघ्याला जबर इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, त्यामुळे त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

आता तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसे, त्यांच्यामागे सरकार, फौज, प्रशिक्षक. आपल्या पोराबाळांचे काय? याच प्रश्नाचे एक पत्र आपल्या एका वाचक भगिनीने मला पाठवले आहे. नाव देत नाही. त्यांचा मुलगा दोन वर्षे पोलीस भरतीसाठी रोज पहाटे ग्राऊंडला जात होता. सोळाशे मीटरची तयारी उत्तम, पण लेखीत थोडक्यात राहिला. मग शिकत राहिला आणि शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेला. ताई लिहितात, ‘‘भाऊ, गेल्यापासून त्याचे पळणे बंद आहे. फोनवर चेहरा सुजल्यासारखा दिसतो. झोप येत नाही म्हणतो, नीट बोलत नाही. पळायला जा म्हटले तर म्हणतो, इथे काळोख असतो आणि आपल्याकडे बघून कोणी हटकले तर काय करू?’’

ताई, हे पत्र मी तीनदा वाचले. तुमच्या मुलाच्या बोलण्यात दोन गोष्टी आहेत, एक हवेची आणि एक मनाची. आधी हवेची घेऊ.

डिसेंबरात लंडनला सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. पहाटे पाचला उठून पळणाऱ्या आपल्या मुलाची सवयच तिथे मोडते. तेव्हा त्याने पहाटेचा हट्ट सोडावा. दुपारी दोन तासांमधली सुट्टी असेल तेव्हा उजेडात वीस मिनिटे पळावे, अंघोळ करावी आणि पुन्हा अभ्यासाला बसावे. किलोमीटर मोजू नयेत, मिनिटे मोजावीत. मी कारकून माणूस, मला वहीची सवय. त्यालाही सांगा, वहीत तारीख घालायची आणि पुढे मिनिटे लिहायची. पहिले पंधरा दिवस आठवड्याला तीन नोंदी झाल्या तरी पुष्कळ. उजेडाचा आणि झोपेचा संबंध आहे. दिवसाउजेडी बाहेर राहिले की रात्रीची झोप जागेवर येते. आपल्या सावळ्या कातडीला ‘ड’ जीवनसत्त्व तयार करायला जास्त ऊन लागते आणि तिथे ते मिळत नाही. तिथली सरकारी आरोग्यसेवाच सांगते की, सावळ्या वर्णाच्या लोकांनी बारा महिने रोज दहा मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करावा. ती औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. वजनाचेही तसेच. दक्षिण आशियातल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून उंची-वजनाच्या कोष्टकात इतरांसाठी धोक्याची रेघ 25 वर, तर आपल्यासाठी 23 वर धरतात. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपल्या घरोघरी माहीत आहे.

आता मनाची गोष्ट. परक्या रस्त्यावर एकट्याने पळताना भीती वाटते, ती खोटी नाही. कुठे कोणी वाईट बोलणारच नाही, अशी हमी मी देणार नाही. पण तिथे टी-शर्ट घालून पळणारा माणूस ही इतकी रोजची गोष्ट आहे की, सहसा कोणी मान वळवूनही बघत नाही. एकटे नको वाटत असेल, तर शनिवारी सकाळी नऊला गावोगावच्या बागांत पाच किलोमीटरचे सामुदायिक धावणे असते, त्याला ‘पार्करन’ म्हणतात. 2004 साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावपटूंनिशी ते सुरू झाले. पैसे लागत नाहीत, एकदा नाव नोंदवायचे, पट्टीचा कागद छापून घ्यायचा आणि जायचे. म्हातारी माणसे, बाबागाडी ढकलणाऱ्या बाया, चालणारे, सगळेच असतात. शेवटी कोण आले याला महत्त्व नाही. आठवड्यातून एकदा चार माणसांनी ‘‘पुन्हा ये’’ म्हटले की घरापासून दूर असलेल्या लेकराला किती धीर येतो! मुलगा लंडनला असेल तर त्याला सांगा, बाबासाहेब ज्या किंग हेन्रीज रोडवरच्या घरात राहत होते, त्याला लागूनच प्रिमरोझ हिल ही टेकडी आहे. घर बघायला बस करून जाऊ नको, पळत जा. न्यूयॉर्कला आपली जी मुले आहेत त्यांनाही तसेच. कोलंबिया विद्यापीठापासून सहा गल्ल्या खाली गेले की सेंट्रल पार्क लागते आणि त्याची फेरी जवळजवळ दहा किलोमीटरची आहे.

रस्त्याचे मात्र ध्यानात ठेवावे. इंग्लंडात गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात. अमेरिकेत, युरोपात, आखातात उजवीकडून. आपण सवयीने आधी उजवीकडे बघतो आणि गाडी येते डावीकडून. फुटपाथ नसेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळावे, म्हणजे अमेरिकेत डाव्या बाजूने. कानात गाणी नकोत. खिशात ओळखपत्र आणि मदतीचा नंबर असावा. इंग्लंडात 999, अमेरिकेत 911, युरोपात 112.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे. आपल्या वस्तीतल्या मुली पहाटे पळायला निघाल्या की सोबत भाऊ किंवा बाप लागतो आणि तरी टपरीवरची पोरे बघतातच. परदेशात शिकणाऱ्या आपल्या दोन-तीन मुलींनी मला सांगितले की, दिवसा तिथे त्यांना ही अडचण येत नाही, अंधार पडल्यावर मात्र त्याही मैत्रिणीला घेऊनच जातात. सातारा जिल्ह्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळून दहाव्या आल्या. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी आपली बाई ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचली, तीही माण तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखातून. लेकीला परदेशी पाठवताना सामानात स्वयंपाकाची भांडी भरणाऱ्या आयांनी पळायचे चांगले बूट आधी भरावेत, असे माझे मत आहे. वापरून सैल झालेलेच द्यावेत, कोरे नकोत.

खाण्याची चिंता सोलापूरकरांनी तरी करू नये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्यासारखा प्रवासी शिधा दुसरा नाही. भाकरी कित्येक दिवस टिकते आणि पळून आल्यावर भाकरीबरोबर मूठभर चटणी म्हणजे पिठूळही झाले आणि प्रथिनेही झाली. फक्त तूप, खवा, पेढे इंग्लंडला पाठवू नका, दुधाच्या पदार्थांना तिथे बंदी आहे. अमेरिकेला जाणाऱ्याने खाण्याच्या सगळ्या वस्तू विमानतळावरच्या कागदावर लिहून द्याव्यात, लपवू नयेत.

आखातातल्या आपल्या बांधवांची गोष्ट निराळी. दुबई-कतारकडे उन्हाळ्यात ऊन सोलापूरसारखे, पण हवा दमट, घाम वाळत नाही आणि अंग तापत राहते. नव्या माणसाला त्या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर निम्मेच पळावे आणि तेही सूर्य उगवायच्या आत. संयुक्त अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम कायद्याने बंद असते, यावरून उन्हाची कल्पना यावी. आणि जो भाऊ बांधकामावर दिवसभर राबून कॅम्पात परततो, त्याला मी पळ म्हणणार नाही. त्याच्या अंगाला विश्रांती हवी, पाणी हवे, वेळेवर पगार हवा. पळायचे ते कार्यालयात, दुकानात, गाडीच्या स्टिअरिंगवर बसून काम करणाऱ्यांनी. टॅक्सी चालवणाऱ्या आपल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी बारा तासांची पाळी संपल्यावर समुद्रकाठी अर्धा तास हळू पळायचे दोन वर्षे चालवले आहे. त्यांनी पाळीच्या वेळा आणि पळण्याच्या वेळा सविस्तर लिहून पाठवायचे कबूल केले आहे. पत्र आले की याच पानावर देईन. आखातातल्या आणखी कोणाचा असा अनुभव असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर लिहावे. अक्षर कसेही असले तरी चालेल.