मुलांचें घरांतील वाचन

पोथी मोठ्यानें वाचणें हा बुलढाणा जिल्ह्यांतील जुना परिपाठ आहे. शेगांवच्या गजानन महाराजांचें दासगणूकृत एकवीस अध्यायांचें चरित्र येथें अनेक घरीं वाचलें जातें व मुलें तें ऐकतात. अशाच घरीं मुलाच्या हातीं गोष्टीचें पुस्तक दिसतांच 'अभ्यास कर' म्हणून दरडावलें जावें, ही विसंगति नव्हे काय?

कोणी म्हणतील, मोबाईलनें वाचनाची गोडी नासली. पण वडीलच रोजमेळ मिटतांच मोबाईल उघडीत असतील, तर मुलानें पुस्तक कोणाचें पाहून उघडावें? मराठींत बालवाङ्मयाची वाण नाहीं. वि. को. ओकांनीं 'बालबोध' मासिक १८८१ सालीं काढलें. साने गुरुजींनीं 'श्यामची आई' १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. तिची रचनाच रात्रीमागून रात्र सांगितलेल्या गोष्टींची आहे. वाण आहे ती वाचून दाखविणारांची.

खामगांव-मलकापूरच्या व्यापारी बंधूंस आमची विनंति आहे कीं, दुकान बंद झाल्यावर पंधरा मिनिटें मुलास व मुलीसही एक गोष्ट वाचून दाखवावी. पुढील पुस्तक त्यांनाच निवडूं द्यावें. आणि शेवटीं परीक्षकाप्रमाणें प्रश्न विचारूं नयेत. १९६७ च्या कायद्यानें सार्वजनिक ग्रंथालयांस सरकारी अनुदानाची सोय झाली आहे. तेथून पुस्तकें आणावींत. परीक्षेपुरतें वाचणारा मुलगा परीक्षा संपतांच वाचन सोडतो, आणि पुढें करारपत्र हातीं आलें म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. दुकानाचा वारसा देणारांनीं हा वारसाही द्यावा.