खोदण्यापूर्वीचे पडिलेहण



आषाढी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत साधू-साध्वींचा विहार थांबतो. त्याचे कारण आपण सर्व जाणतो. पावसाने भूमी जीवांनी भरून येते आणि पावलापावलाला विराधनेचा संभव असतो. एरवीही ते पुढची भूमी पाहूनच पाऊल टाकतात आणि पडिलेहण केल्यावाचून वस्त्र-पात्र वापरीत नाहीत. आधी पाहणे आणि मग वापरणे हा आपल्या आचाराचा पाया आहे. भूमी खोदण्याच्या व्यवसायात हा क्रम कितपत पाळला जातो, याचा येथे विचार करू.

बँकेच्या सेवेत असताना जालना जिल्ह्यातील एका खडी क्रशरच्या कर्जप्रकरणाची छाननी माझ्याकडे आली होती. मालकी हक्क, यंत्रांचे दरपत्रक, विजेचा भार, तारण, सारे मी काटेकोरपणे तपासले. सात-बाराच्या उताऱ्यावर त्या माळाचा मोठा भाग ‘पोटखराब’ म्हणून नोंदलेला होता. जागेच्या पाहणीच्या दिवशी तेथे काळविटांचा कळप चरताना दिसला. मी तो कौतुकाने पाहिला आणि परत येऊन शिफारस लिहिली. काही वर्षांनी त्याच रस्त्याने गेलो, तेव्हा तेथे खोल खड्डा होता. काळविटे कोठे गेली, याची नोंद कोणत्याच कागदावर नव्हती. कारण ती तेथे होती याचीच नोंद कोणी केली नव्हती. मीही केली नव्हती.

आपला जिल्हा राज्यातील अत्यंत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी आहे. त्यामुळे येथील वन्यजीव राखीव जंगलात नव्हे, तर माळरानांवर, गायरानांत आणि नदीकाठी राहतात. ताडोबाजवळच्या लोहारा येथील कोळसा खाणीचा प्रस्ताव वाघांच्या अधिवासाच्या प्रश्नामुळे मागे पडला. आपल्या माळावर वाघ नाही. म्हणून त्याच्या बाजूने बोलणाराही सहसा कोणी नसतो. वास्तविक काळवीट, लांडगा आणि मोर हे तिन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत आहेत.

खाणीपूर्वी पाहणी करण्याचा कायदा आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार ज्या खाणींना परिणाम-मूल्यांकन अहवाल लागू होतो, त्यांच्याभोवतीच्या साधारण दहा किलोमीटर परिसरातील वनस्पती व प्राणी यांची नोंद करावी लागते. पहिल्या अनुसूचीतील प्राणी आढळल्यास त्यांच्या संवर्धनाचा आराखडा आणि त्यासाठी निधीची तरतूद द्यावी लागते. परंतु या पाहणीसाठी सामान्यतः एकाच ऋतूची माहिती पुरेशी मानली जाते, आणि तो ऋतूही पावसाळ्याव्यतिरिक्तचा असतो. ज्या चार महिन्यांत जीव सर्वाधिक असतात म्हणून आपले साधू पाऊल उचलत नाहीत, नेमके तेच महिने पाहणीतून वगळले जातात. मोराची वीण, लावा पक्ष्याची अंडी, उन्हाळाभर जमिनीत दडून राहिलेले बेडूक हे सारे पावसात प्रकट होते. वैशाखात केलेल्या पाहणीत तोच माळ ओसाड ठरतो.

वाळूच्या बाबतीत गणित उलटे आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या पात्रातून पावसाळ्यात वाळू काढण्यास मनाई आहे. साहजिकच उपसा उन्हाळ्यात होतो, आणि त्याच दिवसांत नदी सुरय हा पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतो. प्रत्येक भूमीचा काळ निराळा असतो. म्हणून पाहणी वर्षभराची असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणखी एक त्रुटी बँकेतील माणसाला चटकन जाणवते. कर्जाच्या तारणाचे मूल्यांकन करणारा तज्ज्ञ बँक आपल्या यादीतून नेमते; शुल्क कर्जदार देत असला तरी निवड त्याची नसते. खाणीच्या अहवालासाठी मात्र सल्लागार संस्था प्रकल्पधारकच निवडतो आणि मोबदलाही तोच देतो. पूर्वी पाच हेक्टरांहून लहान पट्टे पाडून परवानगीच टाळली जाई. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात अशा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली.

श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत ‘फोडीकम्मे’, म्हणजे भूमी फोडण्याचा व्यवसाय, स्पष्ट सांगितला आहे. आपल्यापैकी फारच थोडे खाणमालक असतील. पण पैसा पुरविणारे, यंत्रे विकणारे, खडी-वाळू घेऊन घरे आणि स्थानके बांधणारे आपण पुष्कळ आहोत. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींचा हिशेब आपल्या धर्मात ठेवला जातो. गृहस्थाला खडीवाचून घर बांधता येत नाही, हे मान्य. परंतु जयणा पाळता येते. भागीदारी करण्यापूर्वी किंवा उसनवार देण्यापूर्वी पर्यावरण मंजुरीची प्रत मागावी, पाहणी कोणत्या महिन्यात झाली ते विचारावे. गौण खनिजांचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल अंतिम होण्यापूर्वी 21 दिवस जनतेच्या हरकतींसाठी खुला ठेवण्याची तरतूद आहे. तो वाचावा, आणि आपल्या माळावर काय पाहिले ते लेखी कळवावे. एका पानाच्या अर्जानेही नोंद होते.

मी पाहिले होते. लिहिले मात्र नाही. त्या माळावरील सर्व जीवांना, आणि या लेखात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास त्याबद्दलही, मिच्छामि दुक्कडं.