थँक यू म्हणता, मग कप वेगळा का?

"शहरात आता जात कुठे राहिलीय?" हा प्रश्न आम्हाला दर चार दिवसांनी कोणी ना कोणी विचारतो. विचारणारा बहुधा शिकलेला असतो. चांगल्या सोसायटीत राहतो, रिक्षावाल्याला 'दादा' आणि भाजीवालीला 'मावशी' म्हणतो, पार्सल घेताना हसून 'थँक यू' म्हणतो. एवढ्या भांडवलावर तो स्वतःला जातीच्या पलीकडे गेलेला समजतो. अशा सभ्य माणसांना आम्हालाही काही साधे प्रश्न विचारायचे आहेत.

तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंना तुम्ही चहा देता. चांगली गोष्ट आहे. पण कोणत्या कपात देता? तो कान तुटलेला कप खिडकीच्या कोपऱ्यात वेगळा का ठेवलेला असतो? ताईंनी घासलेल्या ताटात तुम्ही रोज जेवता, तेव्हा त्यांच्या हाताचा विटाळ होत नाही. मग ओठांचाच कसा होतो? "जात नाही हो, स्वच्छतेचा प्रश्न आहे," असे उत्तर येते. मग तुमच्या साहेबांसाठी, व्याह्यांसाठी वेगळा कप का नसतो? स्वच्छता फक्त एकाच दिशेने कशी वाहते?

कोणी म्हणेल, हा जातीचा नव्हे, गरीब-श्रीमंतीचा भेद आहे. असे असेल तर स्वयंपाकाला एक बाई आणि संडास धुवायला दुसरी बाई का लागते? दोघीही गरीबच असतात. पण पहिलीला कामावर ठेवताना "तुम्ही कोणातल्या?" असे हळूच विचारले जाते आणि दुसरीला विचारायची गरजही वाटत नाही, कारण उत्तर आधीच गृहीत धरलेले असते. गरिबीला स्वयंपाकघराचा उंबरठा कळत नाही. तो फक्त जातीला कळतो.

शहराचे शिष्टाचार असेच चालतात. गावात तोंडावर 'लांब हो' म्हणत. शहरात लिफ्टवर पाटी लावतात : कामगारांनी मागची लिफ्ट वापरावी. दुपारच्या उन्हात चार मजले चढून आलेल्या पोऱ्याला पाणी विचारले जात नाही. मार्च २०२४ मध्ये घरपोच जेवण पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने 'शुद्ध शाकाहारी' ग्राहकांसाठी वेगळी माणसे आणि त्यांना वेगळा हिरवा गणवेश जाहीर केला. ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वेगळा गणवेश मागे घेतला, वेगळी व्यवस्था मात्र ठेवली. म्हणजे सोवळे गेले नाही, ते फक्त दिसेनासे झाले. शहरी सभ्यतेची याहून नेमकी व्याख्या आम्हाला तरी सुचत नाही.

आम्ही स्वतः काही वर्षांपूर्वी पुण्यात भाड्याने खोली शोधत होतो. एका घरी सगळे ठरले. भाडे ठरले, अनामत ठरली, चहाही झाला. मग काकांनी विचारले, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आम्ही आडनाव सांगितले. काका जराही रागावले नाहीत. उलट दारापर्यंत सोडायला आले. "गावाहून पुतण्या यायचा आहे, त्याच्याशी बोलून कळवतो," म्हणाले. तो पुतण्या अजून यायचाच आहे!

हा पुतण्या नवा नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात तो भेटला होता. नाव बदलून ते पारशी सरायीत राहिले, तिथून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. ही हकीकत सर्वांना ठाऊक असते. पण तिचा पुढचा भाग आम्हाला अधिक बोचतो. त्यानंतर ते दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नीला विचारावे लागेल. दोघेही सुशिक्षित होते, दोघांनीही आवाज चढवला नाही. काठीवाल्यांनी सरायीबाहेर काढले आणि सभ्य मित्रांनी गोड बोलून बडोद्याबाहेर. गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेबांना सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले.

तरीही बाबासाहेबांनी आम्हाला शहराचीच वाट दाखवली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला. खेड्यात माणसाला नावाआधी जात चिकटते, शहरात अनोळखी राहण्याची मुभा मिळते, हे खरेच आहे. पण अनोळखीपण म्हणजे बंधुता नव्हे. कलम १७ ने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळायला बंदी केली, १९५५ साली त्यासाठी कायदा झाला. तो पाणवठ्यापर्यंत, हॉटेलापर्यंत पोचला. तुमच्या खिडकीतल्या कपापर्यंत मात्र शिपाई पोचत नाही. तिथे फक्त मनच पोचू शकते. म्हणूनच बाबासाहेब बजावत राहिले की बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगासारख्या ठरतील.

आता एक प्रश्न आमच्याच लोकांना. वस्ती सोडून आम्हीही फ्लॅटमध्ये आलो. दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धमूर्ती आहे. पण दारात कचरा न्यायला येणारी बाई पाणी मागते तेव्हा आम्ही कोणता ग्लास काढतो? तिचे नाव आम्हाला माहीत आहे का? की शेजाऱ्यांना आपली जात कळू नये म्हणून आम्हीही त्यांच्यासारखाच वेगळा ग्लास ठेवला आहे? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्यांनी दगा दिल्याचे दुःख बाबासाहेबांनी बोलून दाखवले. ते भाषण दुसऱ्यांना ऐकवायला आम्हाला आवडते. ते आमच्यासाठीच होते, हे विसरायलाही आवडते.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर आमचे पूर्वज गेले ते तहान भागत नव्हती म्हणून नव्हे. आम्हीही माणसे आहोत, हे सिद्ध करायला गेले. ओंजळभर पाण्यासाठी त्यांनी डोकी फोडून घेतली. तुम्हाला तर फक्त एक कप उचलायचा आहे. तो खिडकीतून उचला, इतर कपांत मिसळा, उद्या सकाळी त्यातून स्वतः चहा प्या. ताई आल्या की त्यांना खुर्चीवर बसवून दुसऱ्या कुठल्याही कपात चहा द्या. हात थांबला, तर शहरात जात कुठे राहिलीय, हे आम्हाला विचारू नका. ती तुमच्याच हातात आहे.

जयभीम!