वेळ उरल्यास

प्रवासाला निघणाऱ्या माणसांचे दोन वर्ग असतात. पिशवी खांद्याला अडकवून निघणारे एक, आणि निघण्यापूर्वी कागदावर कार्यक्रम आखणारे दुसरे. मी दुसऱ्या वर्गातला. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवल्यामुळे म्हणा, पण वेळापत्रकाशिवाय मला सुट्टीसुद्धा घालवता येत नाही. आमच्या घरात त्याला 'बाबांचा अभ्यासक्रम' असे नाव आहे. त्यावर सौभाग्यवतींचा शेरा असा, की अभ्यासक्रम नेहमीच मोठा असतो आणि तो पुरा झालेला आजवर कुणी पाहिलेला नाही.

गेल्या श्रावणात आम्ही शनिवार-रविवार गाठून मुंबई पाहण्याचा बेत केला. पुण्याहून मुंबई रेल्वेने १९२ किलोमीटर, म्हणजे आमच्या उंबरठ्यावरच. पण उंबरठ्यावरच्या गोष्टीच पाहायच्या राहतात. आमची कन्या तेरा वर्षांची, चिरंजीव दहाचे. दोघांनी मुंबई पाहिली होती ती लग्नकार्यापुरती. म्हणजे एक मांडव आणि एक पंगत. तेव्हा मी एक फुलस्केप कागद घेऊन बसलो. शनिवारी सकाळी बोरीबंदरची इमारत, मग वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी चौपाटी आणि भेळ. रविवारी लाँचीने घारापुरी, दुपारी परत, संध्याकाळी पुण्याची गाडी. आणि कागदाच्या अगदी तळाशी, कंसात : (गिरगाव – वेळ उरल्यास).

ही शेवटची ओळ माझ्या आईची. आई आता पंचाहत्तरीची आहे. तिचा जन्म, शाळा, मैत्रिणी, सारे गिरगावातल्या एका चाळीत. १९७२ साली लग्न होऊन ती पुण्याला आली आणि पुण्याचीच झाली. पुढे मामांनी चाळीतली खोली सोडून डोंबिवलीला ब्लॉक घेतला, त्यालाही तीस वर्षे झाली. गिरगावात जाण्याचे कारणच उरले नाही. तरी गेली चार वर्षे ती अधूनमधून म्हणे, "एकदा गिरगावात नेऊन आण रे. लांबून नुसती चाळ पाहीन." मी म्हणे, "परीक्षा होऊ देत." मग म्हणे, "पावसाळा संपू दे." आई हट्ट करणाऱ्यांतली नाही, आणि हट्ट न करणाऱ्या माणसांची कामे यादीच्या तळाशी जातात, हा संसारातला एक अलिखित नियम आहे.

शनिवारी सकाळी आम्ही गाडीत बसलो. खिडकीची जागा, बाहेर हिरवेगार डोंगर. लोणावळ्यापर्यंत कार्यक्रम मिनिटाचाही मागे नव्हता. लोणावळ्याला गाडी थांबली ती थांबलीच. घाटात दरड कोसळली होती. मोकळा वेळ मिळाला की शिक्षकाला कंठ फुटतो. मी मुलांना सांगू लागलो, की हा घाट १८६३ साली रेल्वेला खुला झाला. त्याचे कंत्राट घेणारे सॉलोमन ट्रेडवेल येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम अंगावर घेतले आणि पुरे करून दाखवले. सौभाग्यवती म्हणाल्या, "बघा, नवऱ्यांनी आखलेली कामं शेवटी कोण निस्तरतं ते!" डब्यातली चार अनोळखी माणसेही हसली. मी वेळापत्रक घडी घालून खिशात ठेवले.

व्याकरणात भावे प्रयोग म्हणून एक प्रकार आहे. त्यात क्रियापद कर्त्याचेही ऐकत नाही आणि कर्माचेही ऐकत नाही. आपल्या जागी ढिम्म उभे राहते. आमची गाडी त्या दिवशी भावे प्रयोगात होती. आईने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला, शेजारच्या बाईंनी लिंबाचे लोणचे काढले, आणि सहलीचे पहिले जेवण लोणावळ्याच्या फलाटाशी पार पडले. मुंबईला पोचायला आम्हांला साडेतीन वाजले.

बोरीबंदरची इमारत मात्र पाहिली. ती पाहिल्यावाचून बाहेर पडताच येत नाही! स्टीव्हन्ससाहेबांची ही वास्तू १८८८ साली पुरी झाली. पुढे तिचे नाव बदलले, २००४ साली ती जागतिक वारसा ठरली; पण आईसारख्या माणसांच्या तोंडी ती अजून बोरीबंदरच आहे. तेथून आम्ही राखून ठेवलेल्या लॉजवर गेलो. व्यवस्थापकाने संगणकात पाहिले आणि अतिशय अदबीने सांगितले, "साहेब, तुमची खोली आहे. पण पुढच्या शनिवारची."

मोबाइलवर तारीख मीच निवडली होती. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतले ऱ्हस्वदीर्घ वीस वर्षे दुरुस्त करणाऱ्या माणसाला शनिवार ओळखता आला नव्हता. त्या लॉजवर दुसरी खोली नव्हती. आणखी दोन ठिकाणी विचारले, तेथेही नाही. शेवटी आईच म्हणाली, "डोंबिवलीला फोन लाव. तुझा मामेभाऊ काय परका आहे?"

शनिवारी संध्याकाळी सामानसुमान घेऊन डोंबिवलीची लोकल पकडणे हा अनुभव शब्दांत मांडण्याइतके माझे मराठी समर्थ नाही. बायका बायकांच्या डब्यात चढल्या, मी आणि चिरंजीव पुरुषांच्या. त्या तिघी डोंबिवलीला उतरल्या. आम्ही दोघे दारापर्यंत पोचायच्या आत डोंबिवली मागे पडली आणि आम्हांला कल्याणचे दर्शन घडले. कार्यक्रमात नसलेले एवढे एकच स्थळ आम्ही त्या दिवशी नीट पाहिले. परतून मामेभावाच्या घरी पोचलो, तेव्हा आई वहिनींच्या ओट्याशी बसून वाल सोलत होती आणि दोघी कशाला तरी पोट धरून हसत होत्या. कशाला, ते मला सांगण्यात आले नाही.

रविवारी उजाडता उजाडता पावसाने धरले. त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. हा शब्द मुंबईकरांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की मामेभावाने तो 'आज एकादशी' म्हणावे तशा सुरात उच्चारला. आठला निघालेले आम्ही कुर्ल्यापर्यंत कसेबसे आलो. पुढे शीवपर्यंत रुळांवर पाणी. गाडी उभी, पंखे बंद, पोरे कंटाळलेली. बोरीबंदरला उतरलो तेव्हा दीड वाजला होता. दोन घास खाऊन टॅक्सीने गेटवेला गेलो, तर समुद्र खवळलेला आणि घारापुरीच्या लाँची बंद. पावसाळ्यात घारापुरीचा बेत करणाऱ्याला लाँचवाल्याने काही म्हटले नाही, नुसते पाहिले.

आम्ही पाच माणसे तीन छत्र्यांखाली उभे होतो. घड्याळात पावणेतीन. सौभाग्यवती म्हणाल्या, "इथून वस्तुसंग्रहालय जवळच आहे म्हणे." मी खिशातला कागद काढून मिनिटांचा हिशेब करू लागलो. तोवर कन्येने तो माझ्या हातातून घेतला आणि मोठ्याने वाचला, "कंसात, गिरगाव, वेळ उरल्यास." मग तिने घड्याळ पाहिले. "बाबा, वेळ उरलाय की! आजीचं राहिलंय."

आपले माहेर कंसात आहे हे आईला तेव्हा प्रथम कळले. ती एवढेच म्हणाली, "अरे, पोरं दमलीत. राहू दे हवं तर." त्या 'हवं तर'मध्ये चार वर्षे होती. मी टॅक्सीला हात केला.

ठाकुरद्वारचा नाका आला आणि आई टॅक्सीवाल्याला वाट सांगू लागली. इथे पिठाची गिरणी, इथे आमचा वाणी, इथे शिंप्याचे दुकान. त्यांतले एकही तेथे नव्हते, पण वाट चुकली नाही. एका गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "थांबवा." आम्ही उतरलो. समोर निळे पत्रे उभे केले होते आणि पत्र्यांमागे चाळ पाडण्याचे काम चालू होते.

रविवार म्हणून कामगार नव्हते. रखवालदार मात्र होता. त्याने पत्रा थोडा बाजूला सारून पाहू दिले. पुढची भिंत पाडली होती, त्यामुळे तिन्ही मजल्यांवरच्या खोल्या भातुकलीच्या घरासारख्या उघड्या दिसत होत्या. आई बोटाने मोजू लागली. दुसरा मजला, जिन्यापासून पाचवी. त्या खोलीची मागची हिरवी भिंत पावसात भिजत होती. भिंतीत एक कोनाडा होता आणि त्याच्या वर काजळीचा काळा पट्टा.

"देवांचा कोनाडा," आई म्हणाली. "संध्याकाळी दिवा लावायचं काम माझं होतं. आमच्यामागून आलेल्यांनीही तिथंच देव ठेवले म्हणायचे."

रखवालदार म्हणाला, "होळीपर्यंत बिऱ्हाडं होती, आजी. तेव्हा आला असतात, तर वर जाता आलं असतं."

आईने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते, तर मला बरे वाटले असते. ती पाचसात मिनिटे पत्र्याला हात टेकून उभी राहिली. नातीने तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. मग तिने कोनाड्याला लांबूनच हात जोडले आणि म्हणाली, "चला. गाडी चुकेल."

गाडी चुकली नाही. जागाही मिळाल्या. घाट चढू लागलो तेव्हा अंधार पडला होता. चिरंजीवांना बोगदे मोजायचे होते, ते काही जमेना. मग कन्येने विचारले, "आजी, तू लहानपणी सहलीला जायचीस?"

"एकदा गेले होते," आई म्हणाली. १९६४ सालच्या ३१ मार्चला मुंबईतली शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला जायची होती. आई तेव्हा चौदा वर्षांची. तिच्या वडिलांनी कबूल केले होते, की शेवटच्या ट्रामने तुला दादरला नेतो. रात्री दोघे बोरीबंदरला गेले. गर्दी ही! ट्रामला हातसुद्धा लावता आला नाही. चेंगराचेंगरीत आजोबांची एक चप्पल गेली. ट्राम निघून गेली. मग दुसरी चप्पल हातात धरून ते अनवाणी चालत मुलीला गिरगावात घेऊन आले. वाटेत तिला पीयूष पाजले.

"म्हणजे तुमचाही कार्यक्रम फसलाच!" चिरंजीव आनंदाने म्हणाले.

"फसला की. पण ट्राम मिळाली असती, तर दादरला जाऊन आले असते नि विसरले असते. अण्णांबरोबर रात्रीची एवढी लांब चालले, ती तेवढीच एकदा." थोडे थांबून ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं नि नेलं. हे लक्षात राहिलं."

हे ती नातवाला सांगत होती. ऐकत मी होतो.

घरी आल्यावर तो कागद मी टेबलावर पसरून पाहिला. वर ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे सबळ कारण होते. पण घारापुरीची त्रिमूर्ती चौदाशे वर्षांहून अधिक काळ तेथे आहे. पुढच्या हिवाळ्यात गेलो तरी ती भेटेल. बोरीबंदर १८८८ पासून उभे आहे, वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांना खुले आहे. ज्यांना थांबता येत होते त्या सगळ्यांना मी पहिल्या ओळी दिल्या होत्या. आणि जिला थांबता येत नव्हते ती एक चाळ मी कंसात ठेवली होती.

येत्या सुट्टीचा अभ्यासक्रम कन्येने आखायला घेतला आहे. तिने पहिल्यांदा आजीला विचारले. आजी म्हणाली, "डोंबिवली. वहिनीशी बोलणं अर्धंच राहिलंय." यंदा ती पहिली ओळ आहे. तिला कंस नाही.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीचे बेत आता तुमच्याही घरी चालले असतील. कागद काढाल, तेव्हा तळाची ओळ कुणाची आहे तेवढे एकदा पाहा. चाळ पाडणारी माणसे आपला वेळ उरण्याची वाट पाहत नाहीत.